ग्नुसमध्ये ई-मेल आणि न्यूजग्रुप एकत्र वाचण्याची घडी

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. ई-मेल ‘म्यूट’ या मेल वाचण्याच्या प्रोग्राममध्ये आणि न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे सार्वजनिक चर्चागट, ‘एसएलआरएन’ या ते वाचण्याच्या प्रोग्राममध्ये अशी विभागणी आपण बरीच वर्षे ठेवली होती. इतर सगळे लेखन इमॅक्स या मजकूर-संपादकातच होत असल्यामुळे आता दोन्ही गोष्टी इमॅक्समधल्या ग्नुस या प्रोग्राममध्ये आणल्या आहेत. पण त्यातून तीन तक्रारी उद्भवल्या : एकदा वाचलेले मेल पुन्हा दिसत नाहीत, ग्नुस सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट लागते, आणि न्यूजग्रुपवर उत्तर लिहिले की त्याखाली कार्यालयाचा पत्ता आणि पदनामासह पाच ओळींची सही जाते. मी हा प्रोग्राम वीस वर्षांहून अधिक काळ रोज वापरत आहे आणि या तिन्ही खड्ड्यांत स्वतः पडून झालो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ग्नुस हा मेल वाचण्याचा प्रोग्राम नाही. तो न्यूजग्रुप वाचण्याचा प्रोग्राम आहे आणि मेललाही तो न्यूजग्रुपच समजतो. मासानोबू उमेदा यांनी तो प्रथम लिहिला तेव्हा त्याचे काम न्यूजग्रुपांपुरतेच होते. लार्स मॅग्ने इंगेब्रिग्टसेन यांनी १९९४ पासून तो नव्याने लिहायला घेतला, आणि त्या पुनर्लेखनात मेलचा साठा हा केवळ आणखी एक ‘बॅकएंड’ (संदेश जिथून येतात तो जोडभाग) म्हणून जोडला गेला. हे शक्य झाले याचे कारण दोन्हींचा कागद फार पूर्वीपासून एकच आहे. १९८३ च्या ‘आरएफसी ८५०’ या तांत्रिक दस्तऐवजाने यूजनेटच्या, म्हणजे न्यूजग्रुपांच्या जाळ्याच्या, संदेशांसाठी ई-मेलचाच साचा स्वीकारला. प्रेषक, विषय, दिनांक, मेसेज-आयडी या ओळी दोन्हींकडे सारख्याच असतात. फरक आहे तो संदेशाच्या आयुष्यात. न्यूजग्रुपवरचा लेख सर्व्हरच्या मालकीचा असतो, आपण तो वाचतो आणि पुढे जातो, काही काळाने सर्व्हर तो काढून टाकतो. मेल आपल्या मालकीचा असतो आणि वाचून झाल्यावरच बहुधा त्याचे खरे काम सुरू होते. साचा एक असला तरी ही दोन आयुष्ये वेगळी ठेवण्याची जबाबदारी ग्नुस आपल्यावर सोडतो, आणि सगळी मांडणी त्याभोवतीच करावी लागते.

पहिली तक्रार, म्हणजे ‘नाहीसे’ झालेले मेल, हे याचेच उदाहरण आहे. ते मेल कुठेही गेलेले नाहीत. वाचलेला लेख पुन्हा कशाला दाखवायचा, या न्यूजग्रुपच्या न्यायाने ग्नुस वाचलेले संदेश लपवतो, आणि ज्या गटात न वाचलेले काही उरले नाही तो गटच यादीतून लपवतो. गटांच्या यादीत मोठा ‘एल’ दाबला की सगळे गट दिसतात, आणि एखाद्या गटावर कंट्रोल-यू दाबून एंटर केले की जुने संदेशही उघडतात. पण रोज हे करत बसणे योग्य नाही. मेलच्या गटांवर ‘जी पी’ (मोठा जी, लहान पी) या कळा दाबून गटाचे पॅरामीटर, म्हणजे त्या गटापुरत्या सेटिंग, उघडावेत आणि दोन नोंदी कराव्यात : ‘व्हिजिबल’ हे सत्य म्हणून, म्हणजे गट कायम यादीत राहील, आणि ‘डिस्प्ले’ या पॅरामीटरला ‘ऑल’ ही किंमत, म्हणजे आतले वाचलेले संदेशही दिसतील. इनबॉक्समध्ये हजारो मेल असतील तर ‘ऑल’ऐवजी एखादा आकडा द्यावा, मी ३०० देतो. न्यूजग्रुपांना यातले काहीही देऊ नये, नाहीतर संगणकविषयक comp गटांतला एखादा वाहता गट उघडायलाच जेवणाची सुट्टी संपेल. हाच मजकूर प्रत्येक गटाला वेगवेगळा देण्याऐवजी ‘ग्नुस-पॅरामीटर्स’ या चलात (सेटिंगमध्ये) गटाच्या नावाचा नमुना लिहून एकदाच देता येतो, आणि मेलच्या सगळ्या गटांना तो आपोआप लागू होतो.

आता सर्व्हरची रचना. ग्नुसमध्ये एक ‘प्रायमरी’ सर्व्हर असतो आणि बाकीचे ‘सेकंडरी’. जुन्या मार्गदर्शनात न्यूजचा सर्व्हर प्रायमरी ठेवा असे सांगितलेले असते, कारण प्रोग्राम जन्मला तोच त्या कामासाठी. माझा सल्ला वेगळा आहे. प्रायमरीच्या जागी ‘एनएननिल’ हा रिकामा बॅकएंड ठेवावा आणि मेलचा आयमॅप सर्व्हर, न्यूजचा एनएनटीपी सर्व्हर, असे सगळे खरे सर्व्हर सेकंडरीत, प्रत्येकाला आपल्या आवडीचे छोटे नाव देऊन लिहावेत. प्रायमरी सर्व्हरच्या गटांच्या नावांना पूर्वपद लागत नाही, बाकीच्यांच्या नावाआधी सर्व्हरचे नाव येते. त्यामुळे पुढे न्यूजचा सर्व्हर बदलला की प्रायमरीतल्या गटांची ओळखच विस्कटते. आपण एसएलआरएनची वाचन-नोंद, म्हणजे ‘जेन्यूजआरसी’ फाइल, इकडे आणायचा विचार लिहिला आहे. तो सोडून द्यावा. त्या नोंदीतले लेखांचे क्रमांक त्या-त्या सर्व्हरने दिलेले असतात आणि दुसऱ्या सर्व्हरवर त्यांना काही अर्थ नसतो. प्रत्येक गटावर एकदा लहान ‘सी’ दाबून सगळे वाचले अशी खूण करावी आणि आजपासून सुरुवात करावी.

न्यूजसाठी सर्व्हर कोणता, हेही आपण विचारले आहे. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवर नवे लेख घेणे आणि पाठवणे बंद केले. तिथून येणारा जाहिरातींचा कचराही त्यासोबत थांबला, म्हणून चर्चागटांपुरते पाहिले तर वाचन उलट सुखाचे झाले आहे. केवळ मजकुराच्या गटांसाठी इटर्नल सप्टेंबर हा विनामूल्य सर्व्हर पुरेसा आहे, नोंदणी मात्र करावी लागते. दुसरा सर्व्हर जोडावाच असा म्हणजे जीमेन : तो मेलिंग लिस्टांनाच (मेलने चालणाऱ्या गटचर्चांनाच) न्यूजग्रुपचे रूप देतो, म्हणजे आपल्या इनबॉक्सवर भार न टाकता त्या वाचता येतात. जुन्या लेखांत त्याचा पत्ता ‘डॉट ऑर्ग’ असा आढळेल. २०२० पासून तो ‘न्यूज डॉट जीमेन डॉट आयओ’ असा आहे. मेल जीमेलवर असेल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. २०२२ च्या मेअखेरीस गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय बंद केली; द्विस्तरीय पडताळणी सुरू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. आणि तिथला ‘ऑल मेल’ हा फोल्डर सबस्क्राइब करू नये, अन्यथा प्रत्येक मेल दोनदा भेटेल. सगळे पासवर्ड ‘ऑथइन्फो’ फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल जीपीजी या कूटलेखनाच्या साधनाने कुलूपबंद ठेवावी, इतके सांगून पुढे जातो.

सुरू होण्यास लागणारा वेळ दोन गोष्टींत जातो. एक म्हणजे नवे गट आले का, हे ग्नुस प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारतो. ‘ग्नुस-चेक-न्यू-न्यूजग्रुप्स’ हे चल ‘निल’, म्हणजे बंद, करून टाकले की हा प्रश्न संपतो, कारण नवा गट हवा तेव्हा आपण तो नाव लिहून जोडू शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि नवे वापरकर्ते हमखास ती दुर्लक्षितात : गटांच्या पातळ्या. प्रत्येक गटाला १ ते ९ अशी पातळी असते. १ ते ५ म्हणजे सबस्क्राइब केलेले, ६ आणि ७ म्हणजे न केलेले, ८ म्हणजे ‘झॉम्बी’ आणि ९ म्हणजे ‘किल्ड’, हे दोन्ही यादीतून काढलेले. आपण जोडलेला प्रत्येक गट मुकाट्याने ३ वर जाऊन बसतो, आणि सगळेच ३ वर असले की पातळ्या असून नसल्यासारख्या होतात. माझ्याकडे घरचे आणि कामाचे इनबॉक्स १ वर आहेत. ज्या लिस्टांवर मला उत्तर द्यावेच लागते त्या २ वर. रोज चाळायचे न्यूजग्रुप ३ वर. आठवड्यातून एकदा पाहायचे ४ आणि ५ वर. गटावर उभे राहून ‘एस एल’ (मोठा एस, लहान एल) दाबले की पातळी बदलता येते. मग सकाळी ‘१’ आणि लहान ‘जी’ दाबले की फक्त पहिल्या पातळीचे मेल तपासले जातात, आणि ते दोन सेकंदांत होते. दुपारी ‘३ जी’. रविवारी चहा घेऊन ‘५ जी’. ‘ग्नुस-ॲक्टिव्हेट-लेव्हल’ हे चल २ वर ठेवल्यास सुरू होतानाही तेवढेच गट तपासले जातात. यादीच्या दिसण्यासाठी ‘टी’ दाबून ‘टॉपिक’ची सोय चालू करावी आणि गट घर, काम, भाषा, छंद अशा मथळ्यांखाली लावावेत, ते सोयीचे आहे, पण पातळ्या लावल्याशिवाय केलेली ही सजावट म्हणजे फाटक्या कापडावर इस्त्री.

मेल वेगवेगळ्या गटांत पाडण्याचे काम, ज्याला ‘स्प्लिटिंग’ म्हणतात, ते नियमांच्या यादीने होते आणि नियम वरून खाली तपासले जातात. साधी पद्धत पुरेशी वाटते तोवर साधीच वापरावी. लिस्टांसाठी नियम लिहिताना विषयातल्या चौकटी कंसांवर विसंबू नये. ‘लिस्ट-आयडी’ या शीर्षओळीवर विसंबावे, कारण विषय माणसे बदलतात आणि ती ओळ यंत्र लिहिते. शेवटचा नियम नेहमी रिकाम्या नमुन्याचा ठेवावा, म्हणजे कुठेच न बसलेला मेल एका उरलेल्या गटात पडेल. नियम बदलल्यावर थेट विश्वास टाकू नये. एखादा संदेश उघडून ‘बी क्यू’ (मोठा बी, लहान क्यू) दाबले की आताच्या नियमांनुसार तो कोणत्या गटात गेला असता हे ग्नुस सांगतो, आणि ‘बी आर’ने तो प्रत्यक्ष पुन्हा पाडता येतो. मी नवा नियम लिहिला की चार-पाच जुन्या मेलांवर ‘बी क्यू’ चालवूनच पुढे जातो.

ही सावधगिरी अंगी आली ती एका नुकसानीतून. न्यूजचे लेख जसे काही काळाने गळून जातात तसे मेलही गळावेत यासाठी ग्नुसमध्ये ‘एक्स्पायरी’ आहे. तिच्या दोन तऱ्हा आहेत. ‘ऑटो-एक्स्पायर’मध्ये यापुढे वाचल्या जाणाऱ्या संदेशावर ‘ई’ ही खूण लागते आणि तो मुदतीनंतर जातो. ‘टोटल-एक्स्पायर’मध्ये गटातला प्रत्येक वाचलेला संदेश, मग तो तीन वर्षांपूर्वी वाचलेला का असेना, जाण्यास पात्र ठरतो. मुदत वेगळी दिली नाही तर ७ दिवसांची असते. मेलिंग लिस्टांचे गट आपोआप रिकामे व्हावेत म्हणून मी ‘टोटल-एक्स्पायर’च्या नमुन्यात नुसता ‘लिस्ट’ हा शब्द लिहिला. माझ्याकडे पुरवठादारांच्या दरपत्रकांचा ‘प्राइसलिस्ट’ नावाचा गट होता. नमुन्याच्या दृष्टीने तोही ‘लिस्ट’च. गट बंद करताना ग्नुसने आपले काम चोख केले आणि वर्षभराची दरपत्रके सर्व्हरवरूनच पुसली गेली. आयमॅपमध्ये हे पुसणे आपल्या संगणकापुरते नसते. दोष पूर्णपणे माझा होता. तेव्हापासून नमुन्याच्या सुरुवातीला आरंभाचे आणि शेवटी समाप्तीचे चिन्ह लावल्याशिवाय मी एक्स्पायरीचा नियम लिहीत नाही, आणि ‘एनएनमेल-एक्स्पायरी-टार्गेट’ला पुसण्याऐवजी एका जुन्या साठ्याच्या गटाचे नाव दिले आहे, म्हणजे मुदत संपलेले मेल तिथे सरकतात आणि तो गट मी सहा महिन्यांनी हाताने पाहतो. ज्या संदेशावर उद्गारचिन्हाची खूण आहे तो कधीच एक्स्पायर होत नाही. उत्तर द्यायचे राहिलेल्या मेलांना मी हीच खूण लावतो, वेगळी कामांची यादी ठेवत नाही.

खऱ्या अर्थाने ‘एकत्र’ वाचायचे तर एक पाऊल पुढे जाता येते. समजा एकाच विषयाची एक लिस्ट आपल्याला मेलने येते आणि त्याच विषयाचा न्यूजग्रुपही आहे. ‘मोठा जी, मोठा व्ही’ या कळांनी एक आभासी गट करावा आणि दोन्ही खरे गट त्यात घालावेत. संदेश तिथे एकत्र दिसतात, आणि वाचल्याची खूण मूळ गटात जाऊन बसते. पण येथे एक अडचण आहे, जी मला फार उशिरा समजली : आभासी गट मूळ गटांकडून फक्त संदेश आणि खुणा घेतो, पॅरामीटर घेत नाही. म्हणजे मूळ गटाला दिलेली सही, पत्ता, दिसण्याचे नियम, यातले तिथे काहीही लागू होत नाही. ते सगळे आभासी गटाला पुन्हा द्यावे लागतात. शिवाय मूळ गट ‘किल्ड’ असून चालत नाही. माझे मत विचाराल तर असे गट दोन-तीनच असावेत. सगळे मेल आणि सगळ्या बातम्या एकाच ढिगात घालण्याचा प्रयोगही मी करून पाहिला आहे, आणि पंधरा दिवसांत मोडला.

संभाषण पूर्ण दिसण्यासाठी याहून उपयुक्त गोष्ट म्हणजे ‘जीसीसी-सेल्फ’ हे पॅरामीटर. ते मेलच्या गटावर सत्य केले की आपण पाठवलेल्या उत्तराची प्रत त्याच गटात पडते आणि थ्रेडमध्ये, म्हणजे उत्तरांच्या साखळीत, आपल्या जागी बसते, अगदी न्यूजग्रुपवर आपला लेख दिसतो तशी. ‘सेंट’ फोल्डर उघडून आपण काय लिहिले होते ते शोधत बसण्याचा प्रकार त्याने संपतो. थ्रेड जुळवण्याचा आधार विषय न ठेवता ‘रेफरन्सेस’ ही, संदेश आधीच्या कोणत्या संदेशांना उत्तर आहे ते सांगणारी, ओळ ठेवावी. ‘बैठक’ या एकाच विषयाचे चार वर्षांतले मेल एकाच झाडाला लटकलेले पाहण्यात काही हशील नाही.

तिसरी तक्रार पत्त्याची आणि सहीची. तिचे उत्तर ‘ग्नुस-पोस्टिंग-स्टाइल्स’ या चलात आहे. त्यात गटाच्या नावाचा नमुना आणि त्यापुढे पत्ता, सही, नाव अशा जोड्या लिहायच्या असतात. जुळणारे सगळे नियम क्रमाने लागू होतात आणि नंतरचा आधीच्यावर मात करतो, म्हणून सर्वसाधारण नियम आधी आणि नेमका नंतर लिहावा. बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो : कार्यालयाचा नियम शेवटी लिहिलेला असतो आणि तोच सगळीकडे जिंकतो. आपल्या फाइलचा जो भाग आपण दिला आहे त्यातही ‘सर्व गट’ हा नमुना तिसऱ्या क्रमांकावर आहे. तो फक्त उचलून पहिला करावा. न्यूजग्रुपवर सही चार ओळींपेक्षा मोठी नसावी हा जुना संकेत आहे आणि तो आजही पाळला जातो. कामाचे मेल कामाच्याच एसएमटीपी (मेल पाठवण्याच्या) सर्व्हरने जावेत यासाठी त्याच जोड्यांत ‘एक्स-मेसेज-एसएमटीपी-मेथड’ ही शीर्षओळ घालता येते; पाठवताना ग्नुस ती वाचतो आणि सर्व्हर निवडतो.

उत्तराच्या कळांबद्दल एक इशारा. ‘आर’ म्हणजे एका व्यक्तीला, ‘एफ’ म्हणजे सगळ्यांना, हा नियम मेल आणि न्यूज दोन्हींत चालतो; मोठी अक्षरे दाबली तर मूळ मजकूर उद्धृत होतो, इतकाच फरक. म्यूटच्या सवयीने ‘एफ’ म्हणजे ‘पुढे पाठवा’ असे आपल्या बोटांना वाटत असेल, आणि न्यूजग्रुपमध्ये ते बोट आपले खासगी वाक्य जगासमोर मांडेल. न्यूजवर गेलेला लेख मागे घेण्याचा संदेश पाठवता येतो, परंतु बहुसंख्य सर्व्हर तो मानत नाहीत. म्हणून ‘मेसेज-कन्फर्म-सेंड’ चालू ठेवावे. प्रत्येक वेळी ‘वाय’ दाबावे लागते, आणि तो अर्धा सेकंद फार मोलाचा आहे.

शेवटी देवनागरीबद्दल, कारण आपला अर्धा पत्रव्यवहार मराठीत आहे. नव्वदीच्या दशकात मराठी न्यूजग्रुपवर माणसे रोमन अक्षरांत मराठी लिहीत, तेव्हा हे प्रश्न नव्हते. आता यूटीएफ-८ या संकेतपद्धतीमुळे लिहिणे सोपे झाले, पण संदेशांच्या यादीत रकाने सरळ ठेवणे कठीण झाले. जोडाक्षराला किती जागा लागते याविषयी इमॅक्स आणि टर्मिनल यांचे एकमत होत नाही आणि विषयानंतरचे सगळे रकाने हलतात. यावर झटण्यापेक्षा ओळीची रचनाच बदलावी : खुणा, दिनांक आणि ओळसंख्या आधी, मग प्रेषक, आणि विषय अगदी शेवटी. शेवटच्या रकान्यानंतर हलण्यासारखे काही उरत नाही. शक्य असेल तर टर्मिनलऐवजी इमॅक्सची स्वतंत्र खिडकी वापरावी; २७ व्या आवृत्तीपासून तिच्यात हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी लायब्ररी असल्यामुळे जोडाक्षरे नीट उमटतात.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ग्नुस संदेशांना गुण देऊन वर-खाली लावू शकतो; एका अभ्यासगटाच्या मेलांना असे गुण वाढवून वर आणण्यासाठी मी ‘दुसऱ्या सत्राचे’ या शब्दांवर नियम केला. काही मेल वर आले, काही आलेच नाहीत, आणि पडद्यावर दोन्हींचे विषय अक्षरशः एकसारखे दिसत होते. शेवटी मेलचा कच्चा मजकूर उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : कोणी नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त वापरतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरतो. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. कीबोर्ड कोणता, फोन कोणता, यावर ते ठरते. तेव्हा मराठी शब्दावर गुणांचा किंवा स्प्लिटिंगचा नियम करायचाच असेल तर ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असलेला शब्द टाळून शेजारचा साधा शब्द निवडावा. मी ‘सत्राचे’ एवढाच ठेवला आणि नियम चालू लागला.

हे बदल एकाच दिवशी करू नयेत. आधी ‘व्हिजिबल’ आणि ‘डिस्प्ले’, मग पातळ्या, मग पोस्टिंग स्टाइल्स. एक्स्पायरीला महिनाभर हात लावू नये. आणि काहीही बदलण्याआधी ग्नुस ‘क्यू’ दाबून नीट बंद करावा आणि ‘न्यूजआरसी डॉट ईएलडी’ या फाइलची प्रत बाजूला काढून ठेवावी. आपण काय वाचले, कोणता गट कोणत्या पातळीवर आहे, हे सगळे त्या एका फाइलमध्ये असते.